लेकीच्या खटल्यात आपण कुठे असतो?



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या घराघरांत पिढ्यान्पिढ्या ऐकवली जाते आणि पिढ्यान्पिढ्या मोडलीही जाते. बांधावरच्या हातभर जागेसाठी चुलतभाऊ चुलतभावाविरुद्ध वीस-वीस वर्षे तारखा घालतो. हलगा-मच्छे बायपासमध्ये जमीन जाणार म्हटल्यावर अनगोळ, शहापूर, वडगावच्या शेतकऱ्यांनी कोर्टात दाद मागितली, आणि ते योग्यच झाले. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याच्या तारखेची बातमी आली की आजही आपण आधी ती वाचतो, मग बाकीचा पेपर. तेव्हा मराठी माणूस कोर्टाला भितो असे कुणी म्हणू नये. ही म्हण आपल्याला आठवते ती नेमकी घरातील लेकीचा संसार मोडतो तेव्हा.

गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात अनगोळातील एका जुन्या घरचे गृहस्थ आले. घर, गल्ली आम्ही सांगणार नाही. शेती आहे, गावात मान आहे, पंचांत ऊठबस आहे. मुलगी चंदगड भागात दिली होती, पदरी एक मुलगा. नवऱ्याने तिकडच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज घातला आणि समन्स अनगोळच्या पत्त्यावर आले. घरातील वडीलधाऱ्यांनी ते देवघराच्या फळीवर ठेवले आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांची बैठक बोलावली. बैठकीत ठरले की ठरावीक रक्कम आणि अंगावरचे सोने सुगीनंतर परत मिळेल, मुलीने कोर्टात जायचे नाही, शब्द तो शब्द. स्टॅम्प पेपर झाला, चहा-फराळ झाला. मुलगी कोर्टात गेली नाही, म्हणून तिकडे एकतर्फी निकाल झाला. सुगी आली आणि गेली; रक्कम आली नाही, सोनेही आले नाही. मग त्या गृहस्थांनी एक वकील केला, तो पटला नाही म्हणून दुसरा केला. दोघांची फी भागवताना मुलीच्या आईच्या पाटल्या गेल्या. कागदांची पिशवी घेऊन ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा प्रश्न एवढाच होता, "सरकारी वकील फुकट मिळतो म्हणतात, ते खरं काय? पण आमचं नाव कुठं येऊ देऊ नका बघा."

आता आमची कबुली. त्या दिवशी आम्हाला या प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही. मराठी परिपत्रके मिळावीत म्हणून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चे नेणारी आम्ही मंडळी, घटनेच्या कलमांचे आकडे आमच्या तोंडावर. पण जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकार नावाचे कार्यालय आहे, तिथे काय मिळते आणि कुणाला मिळते, हे आमच्यापैकी एकालाही नीट ठाऊक नव्हते. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे त्या बैठकीत आमचाही एक कार्यकर्ता पंच म्हणून बसला होता.

नंतर आम्ही कायदा वाचला आणि जाणकारांना विचारले. जे समजले ते आधी सांगतो, भांडण मग.

कायदा सेवा प्राधिकार कायदा संसदेने १९८७ साली केला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. महाराष्ट्रात याच कार्यालयाला विधी सेवा प्राधिकरण म्हणतात. नाव वेगळे असले तरी कायदा एकच, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे. त्याचे कलम १२ कुणाला मोफत वकील मिळतो ते सांगते. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कारखान्यातील कामगार, कोठडीतील माणसे आणि राज्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले, हे सगळे त्यात आहेत. आणि त्यातच सरळ दोन शब्द आहेत: स्त्री किंवा मूल. गरीब स्त्री असे तिथे लिहिलेले नाही. तिच्या बापाची जमीन किती एकर, भावाचा पगार किती, घरावर स्लॅब आहे की कौले, यातले काही विचारायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य आहे एवढे प्राधिकाराला पटले की पुरे. वकील मिळतो, कोर्ट फी माफ होते, नकला आणि कागदपत्रांचा खर्चही भागतो.

अनगोळच्या त्या गृहस्थांनी पाटल्या विकल्या त्या दिवशीसुद्धा त्यांची मुलगी या मदतीस पूर्ण पात्र होती. याला भीक म्हणायचे असेल तर सातबाऱ्यावरील नावालाही भीक म्हणा.

पण आपल्या जुन्या घरांत नेमके हेच पचत नाही. 'फुकटचा वकील आमच्या घराण्याला शोभत नाही', 'ते महार-मांगांसाठी' अशी वाक्ये आम्ही आमच्या कानांनी ऐकली आहेत. दुसरे वाक्य उच्चारणाऱ्याला दोन प्रकारे लाज वाटायला हवी, पण ते असो. ज्यांना मोफत तांदूळ चालतो, मोफत बस चालते, पीकविमा आणि कर्जमाफी चालते, सीमाभागातील ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने आरोग्य योजना दिली तर तिचे पत्रक आपल्या दारावर लावायला चालते, त्यांना मोफत वकील तेवढा चालत नाही. कारण उघड आहे. तांदूळ घेताना घरातील गोष्ट बाहेर जात नाही. वकिलाकडे गेली की जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत लेकीचे मनगट आवळले जाते, त्याचे काय?

काही जण म्हणतील, फुकटचा वकील कामही फुकटातलेच करतो. या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पॅनेलवरील सगळेच वकील सारखे नसतात. एखादा तारखेला गैरहजर राहतो, एखादा पक्षकाराचे ऐकूनच घेत नाही. पण पैसे मोजून केलेल्या वकिलांविषयीही हीच तक्रार आपण कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाडीवर रोज ऐकतो. फरक इतकाच की पैसे दिलेला वकील बदलायला पुन्हा पैसे लागतात. मोफत मदतीबाबत २०१० चे राष्ट्रीय नियम आहेत. पॅनेलवरील वकिलाने पक्षकाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही. अर्जदाराने पॅनेलपैकी अमुक वकील हवा असे सांगितले तर त्याचा विचार होऊ शकतो. अर्ज लिहिता आला नाही तर तोंडीही सांगता येतो. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायचा आहे, आणि नकार आला तर त्यावर दाद मागता येते. कुणी पैसे मागितले तर प्राधिकाराच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी. सचिव हे स्वतः न्यायाधीश असतात.

आता बैठकीबद्दल. आपल्याकडे काडीमोडाची बैठक ही गावकीची जुनी रीत आहे, हे आम्हाला कबूल आहे. पुष्कळ ठिकाणी तिने दोन्ही घरांची अब्रू आणि पैसा वाचवला असेल. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीप्रमाणे होणारी फारकत पूर्णपणे बाद केलेली नाही, हेही खरे. पण अशी रूढी आपल्या समाजात खरोखर पूर्वापार आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि ते ज्याला तिचा आधार घ्यायचा त्यालाच करावे लागते. ते जमले नाही तर तो स्टॅम्प पेपर म्हणजे दोघांच्या सह्या असलेला एक कागद, बाकी काही नाही. त्यावर ठरलेली रक्कम आली नाही तर त्याच कागदावर थेट वसुली करता येत नाही; पुन्हा दावा करा, पुन्हा तारखा घ्या. हीच तडजोड लोक अदालतीत झाली तर तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि नवऱ्याने पैसे टाळले तर त्यावर थेट दरखास्त लावता येते. मात्र इथे एक सावधगिरी हवी. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तिथेही मुलीने आपला वकील शेजारी असल्याशिवाय सही करू नये, मग बाप म्हणो की भाऊ.

आणि बैठकीत बसतो कोण? मुलीचा बाप, चुलता, मामा. समोर मुलाचा बाप, चुलता, मामा. मध्ये दोन पंच. मुलगी आत असते, चहाच्या कपांपाशी. आम्ही स्वतः अशा बैठकांत बसलो आहोत. मुलगी काय म्हणते असे विचारल्याचे आम्हाला एकदाही आठवत नाही.

निकाल लागला म्हणजे सगळे संपले, हा आणखी एक गैरसमज. अनगोळच्या मुलीलाही सगळ्यांनी तेच सांगितले. वस्तुतः एकतर्फी निकाल रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्याला मुदत तीस दिवसांची, उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. अपील करता येते, पण कौटुंबिक न्यायालयाचा निकाल असेल तर तीस दिवसांत आणि इतर कोर्टाचा असेल तर नव्वद दिवसांत. कायमच्या पोटगीचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली निकालाच्या वेळी किंवा नंतर कधीही करता येतो. फौजदारी प्रक्रियेतील पोटगी, म्हणजे पूर्वीचे कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १४४, ही घटस्फोट झालेल्या स्त्रीलाही तिने पुनर्विवाह केलेला नसेल तोवर मागता येते. मुलाची पोटगी वेगळी. हा अर्ज ती जिथे राहते तिथल्या कोर्टात चालतो, म्हणजे चंदगडला हेलपाटा नको, बेळगावात चालतो. मंजूर पोटगी थकली तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. 'देतील, देतील' म्हणत वर्ष घालवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. दागिन्यांचे म्हणाल तर स्त्रीधन हे सर्वस्वी तिचे, सासरने ते नुसते सांभाळायला ठेवलेले असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगून ठेवले आहे. आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांनी नागपूरच्या एका कुटुंबाच्या प्रकरणात असा दंडक घातला की पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी मिळकत आणि देणे यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. 'माझे काहीच उत्पन्न नाही' म्हणून हात झटकणाऱ्या जावयांना आता कागदावर तसे लिहून द्यावे लागते.

एवढे सगळे दरवाजे त्या मुलीपुढे उघडे होते. यातला एकही तिला कुणी दाखवला नाही. पहिल्या दोन मुदती तर पाटल्या विकेपर्यंतच उलटून गेल्या होत्या.

इथे आपल्या सीमाभागाचे खास दुखणे येते. आपल्या सोयरिकी रेघ पाहून होत नाहीत. अनगोळची मुलगी चंदगडला, निपाणीची कागलला, गडहिंग्लजची खानापुरात, हे पूर्वापार चालत आले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी रेघ पडली तरी हळदी-कुंकवाला ती कळली नाही. पण संसार मोडला की ती रेघ पहिल्यांदा खरी होते. नवऱ्याने चंदगडकडे दावा लावला आणि मुलीला तो बेळगावात चालवून हवा असेल, तर तासा-दीड तासाच्या एसटीच्या अंतरासाठी अर्ज करावा लागतो दिल्लीला. एका राज्यातील दिवाणी कोर्टातून दुसऱ्या राज्यातील कोर्टात दावा वर्ग करण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. आमच्या बाजूला २००८ पासून धारवाडला उच्च न्यायालयाचे पीठ आहे, पलीकडे ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला आहे. दोन्ही जवळ आली, पण मधली रेघ ओलांडायला दिल्लीशिवाय मार्ग नाही. सीमाप्रश्न म्हणजे फक्त पाट्या आणि परिपत्रके असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. सीमाप्रश्न आपल्या मुलीच्या समन्समध्येही येऊन बसला आहे.

या दिल्लीच्या अर्जालाही मोफत वकील मिळतो, कारण सर्वोच्च न्यायालयाची स्वतःची कायदा सेवा समिती आहे. शिवाय २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नीला ती जिथे राहते तिथेच आपला दावा दाखल करता येतो. म्हणजे मुलगी माहेरी आली त्या आठवड्यातच तिने बेळगावच्या प्राधिकारात जाऊन सल्ला घेतला तर पुढचा अर्धा त्रास टळण्याजोगा आहे. आपल्याकडे त्या आठवड्यात तिला आधी देवाला नेतात, मग मामाकडे पाठवतात.

भाषेचे काय? आपल्या घरच्या अनेक स्त्रियांना कन्नड बोललेले थोडेफार समजते, वाचता येत नाही. वकील मराठीत बोलतो, बेळगावात तो प्रश्न फारसा नाही. पण कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत होतो, आणि सही कागदावर असते. दिवाणी प्रक्रिया संहितेत स्पष्ट तरतूद आहे की साक्ष एका भाषेत दिली आणि दुसऱ्या भाषेत लिहून घेतली, तर साक्षीदाराला ती भाषा समजत नसल्यास लिहिलेले सर्व त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे. किती जणींनी हे मागितले? किती जणींना हे मागता येते हे कुणी सांगितले? घटनेचे ३५० वे कलम गाऱ्हाणे मांडताना राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा हक्क देते, हे आपण प्रत्येक सभेत सांगतो. मग कायदा सेवा प्राधिकाराचे अर्ज आणि माहितीपत्रक मराठीत मिळावे म्हणून आपण आजवर एक तरी निवेदन दिले का? आमच्या दप्तरात आम्ही शोधले. नाही. बसच्या पाट्यांवर दिलेली निवेदने मात्र एक फाईल भरून आहेत.

मोफत वकिलाची ही कल्पना कुठून आयात झालेली नाही. आपण मुंबई राज्यात होतो तेव्हा, १९४९ साली, मुंबई सरकारने न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी यासाठी समिती नेमली होती. त्याआधी १९४७ सालीच मुंबई प्रांताने हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. बेळगाव जिल्हा त्या प्रांतात होता. म्हणजे देशातील बहुतेक स्त्रियांना १९५५ मध्ये मिळालेला हक्क अनगोळच्या स्त्रीला आठ वर्षे आधी मिळाला होता. मुंबई राज्याशी आपले नाते सांगताना आपण हे कधी सांगत नाही.

आणि आणखी मागे जायचे तर रखमाबाई आहेत. मुंबईची ही मराठी मुलगी, अकराव्या वर्षी लग्न झालेली. नवऱ्याने १८८४ साली ती नांदायला येत नाही म्हणून हायकोर्टात दावा केला. पहिल्या न्यायाधीशांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलात तो निर्णय फिरला आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करते असे सांगितले. तिच्या बाजूने मुंबईत बचाव समिती उभी राहिली. १८८८ साली नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले, ती विलायतेला गेली आणि डॉक्टर होऊन परत आली. लोकमान्यांनी त्या वेळी तिच्या विरोधी बाजू घेतली होती. लोकमान्यांविषयीचा आमचा आदर तसूभर कमी नाही, पण या प्रकरणात ते चुकले असे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही. ज्या नांदण्याच्या दाव्याने रखमाबाईंना कोर्टात ओढले, तो दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही शाबूत आहे आणि मुलीने पोटगी मागितली की उत्तरादाखल आजही घातला जातो. एकोणिसाव्या शतकातील मुंबईकर एका परक्याच्या मुलीसाठी समिती उभी करू शकले. आपण आपल्या गल्लीतल्या मुलीसाठी बैठक बोलावतो आणि तिला बाहेर बसवतो.

'मुलांचे काय? खोट्या तक्रारींत आमची मुलेही भरडली जातात', असे कुणी विचारील. विचारावे. उत्पन्न मर्यादेत असेल, तो अनुसूचित जाती-जमातीचा असेल, अपंग असेल किंवा कोठडीत असेल, तर पुरुषालाही हाच वकील मिळतो, आणि दाव्याच्या खर्चासाठी कलम २४ खाली नवराही अर्ज करू शकतो. आमच्याकडे मुलगा आला तरी आम्ही त्याच कार्यालयात पाठवू. पण पाटल्या आजवर कुणाच्या गेल्या, ते घरोघर विचारून पाहा.

पुढच्या मासिक बैठकीत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. घटस्फोट, पोटगी किंवा फारकत या विषयावरील कोणत्याही बैठकीत आपल्या संघटनेचा पदाधिकारी पंच म्हणून बसणार नाही, जोवर त्या मुलीने आधी कायदा सेवा प्राधिकाराचा सल्ला घेतलेला नाही आणि बैठकीत ती स्वतः हजर नाही. त्याच ठरावात प्राधिकाराकडे मराठी अर्ज व माहितीपत्रकाची मागणी करणारे निवेदनही असेल. दर शनिवारी सायंकाळी कार्यालयात दोन भगिनी बसतील. अर्ज लिहून देणे, समन्स वाचून सांगणे, कोर्टात सोबत जाणे एवढे काम. ज्यांना कार्यालयात यायचे नाही त्यांनी १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावर थेट फोन करावा. आमची मध्यस्थी लागत नाही.

ठरावाला विरोध होणार हे आम्हाला दिसते आहे. दोन ज्येष्ठांनी आधीच निरोप पाठवला आहे की घरगुती गोष्टीत संघटनेने पडू नये. त्यांनी बैठकीला अवश्य यावे, बोलावे, हवे तर विरोधात हात वर करावा. येताना घरातील स्त्रियांना सोबत आणावे. या वेळी त्यांच्या खुर्च्या आतल्या खोलीत नाहीत, पहिल्या रांगेत आहेत.